जनावरांचे टाके, जावयाचा सदरा

माझ्या सासऱ्यांनी शिवलेला कपडा आपणहून कधी उसवला नाही. फाटले पुष्कळ. कापड विरून जाळी व्हायचं, रंग उडायचा, खिसा लोंबायला लागायचा, आणि त्या सगळ्या पडझडीत शिवण मात्र परंड्याच्या किल्ल्याच्या तटासारखी ताठ उभी. कारण सोपं होतं. सासरे उभी हयात जनावरांच्या दवाखान्यात मलमपट्टी करून निवृत्त झाले होते, आणि टाका घालायला शिकले होते ते बैलावर.

परंड्यात त्यांना सगळे ‘डॉक्टर’ म्हणायचे. खरे डॉक्टर वेगळे असत, पण त्यांची बदली व्हायची. हे कायमचे. शिंगानं फाटलेली कूस, तारेनं चिरलेली कास, काय काय त्यांनी शिवलं होतं. निवृत्तीनंतर जनावरं यायची बंद झाली, पण हात थांबेना, आणि घरात माणसं आयती होती. पायमशीन सासूबाईंच्या लग्नात आलेलं. त्या बाईंनी त्यावर कधी साडीला फॉलसुद्धा लावला नव्हता, नुसती लोणच्याची बरणी ठेवली होती. सासऱ्यांनी एके दिवशी ती बरणी उतरवली आणि आमच्या अंगावरच्या कपड्यांचे सुखाचे दिवस संपले.

“उभ्या बैलाला टाके घातलेत म्या,” ते म्हणायचे. “सदरा तर हलत बी न्हाय.”

“मामा, पण बैलाला बाह्या नसतात,” मी एकदा म्हणालो. सासऱ्यांना आमच्याकडं मामाच म्हणतात.

“मनून तर बैल तक्रार करत न्हाय, जावईबापू.”

माप घ्यायला त्यांनी टेप कधी वापरला नाही. बाजारात बैलाकडं बघून वजन सांगणारा माणूस, त्याला टेप लागावा हे त्यांना कमीपणाचं वाटायचं. ते आपल्याभोवती एक फेरी मारत, पाठीवर थाप टाकत, आणि “झालं” म्हणत. दर उन्हाळ्यात एकाच ताग्यातलं कापड आणत. त्यातच पडदे, त्यातच सोफ्याची खोळ, सासूबाईंची दळणाची पिशवी, आणि त्यातच आम्ही. एका वर्षी तपकिरी चौकड्यांचं कापड होतं. मी त्या सोफ्यावर बसलो की शेजारपाजारच्यांना फक्त माझं डोकं दिसायचं. एकजण माझ्या मांडीवर पिशवी ठेवून निघून गेले.

उन्हाळा हा त्यांचा हंगाम. आम्ही धाराशिवहून मुक्कामाला जायचो ते मुलांच्या सुट्ट्या म्हणून, असं मी सांगायचो. खरं म्हणजे मला झोप काढायची असायची. पण त्या घरात ऊन चढलं की दाराला आतून कडी लागायची, खिडक्यांवर ओली पोती टाकली जायची, आणि प्रत्येकाच्या हातात काहीतरी काम यायचं. रिकामा बसलेला माणूस त्यांना आजारी वाटायचा. जवळ येऊन ते आपली खालची पापणी ओढून बघत.

“रवंथ करायलाव का काम करायलाव?”

मला काम असे लग्नपत्रिकांचं. वर्षभरात घरात आलेली एकही पत्रिका ते टाकत नसत. मे महिन्यात तिचे पंखे व्हायचे. दोन पत्रिका पाठीला पाठ लावून चिकटवायच्या, मधे कळकाची काडी, कडेनं फडक्याची किनार. किनारीला अर्थातच बैलाचा टाका. लाईट गेली की आम्ही सगळे नातलगांच्या लग्नांचा वारा घेत बसायचो. त्यात ज्यांचं पुढं फाटलं त्यांच्याही पत्रिका असायच्या. सासूबाई म्हणायच्या, “ते तेवढे काढा की बाजूला.” हे म्हणायचे, “त्यांचं त्यांच्यापाशी. कागद चांगलाय.” आमच्या स्वतःच्या पत्रिकेचा पंखा मला कधी मिळाला नाही. तो बायकोकडं असे. ती त्यानं वारा कमी घ्यायची आणि माशा जास्त मारायची, तेही माझ्याकडं बघत.

आणि जेवण ताजं. फ्रिजला ते ‘मुडदेघर’ म्हणायचे. मुलानं हौसेनं घेऊन दिलेल्या त्या फ्रिजमध्ये दोऱ्याची रिळं ठेवलेली असत, कारण दोरा गार राहिला की तुटत नाही असं त्यांचं संशोधन होतं. कैरी सकाळी झाडावरून उतरली की दुपारी किसून, गूळ-तिखट लावून, वर हिंगाची फोडणी घालून ताटात. धपाटे तर ताटापर्यंतही यायचे नाहीत. सासूबाई थापायच्या, हे उलथनं घेऊन तव्यापाशी उभे, आणि आम्ही रांगेत. ज्याचा नंबर त्यानं तिथंच, उभ्यानं, दह्याशी खायचा. “वारा लागला की धपाट्याचं चामडं होतं,” हे त्यांचं मत, आणि चामड्यातलं त्यांना कळत होतं. कुरडयांच्या दिवशी गव्हाचा चीक शिजला की आधी सगळ्यांना वाटीभर, दूध-साखर घालून. मी वाटी पुढं करायचो, मग परत करायचो, मग दुसऱ्याच्या नावानं करायचो. त्या घरी कुरडया नेहमी कमी भरायच्या आणि मी जास्त भरायचो. माझ्या पोटाचा जो काही विस्तार पुढं या गोष्टीत येणार आहे, त्याची पायाभरणी परंड्याला झाली हे आधीच सांगून ठेवतो.

त्यांचा एकच कपडा अंगाला बेतशीर बसायचा, तो म्हणजे माठाचा अंगरखा. पाणी गार राहावं म्हणून माठाला ओलं फडकं आपण सगळेच गुंडाळतो. ह्यांनी माठाला अंगरखा शिवला. त्याला कॉलर, पुढं बटणं, आणि बाजूला ओगराळ्याचा दांडा अडकवायला खिसा. काय बसलाय म्हणता! गळ्याशी नाही, पोटाशी नाही, कुठं सुरकुती नाही. आल्यागेल्याला ते माठ आधी दाखवायचे आणि मला नंतर.

“ह्याला बगा आन् ह्यांना बगा. दोनी कापडं एकाच हाताची. दोष कुणाचा?”

असं सगळं चाललं होतं. मग एका उन्हाळ्यात सुई त्यांच्या बोटातून आरपार गेली. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, दुसऱ्या डोळ्यात पडदा होताच. त्यांनी सुई स्वतःच उपसली, जनावरांच्या जखमेला लावायचं जांभळं औषध बोटाला फासलं आणि राहिलेली पिशवी पूर्ण केली. ते जांभळं बोट मोबाईलवर व्हिडिओ कॉल करताना मुलाला दिसलं.

मुलगा म्हणजे माझा मेव्हणा. पुण्यात कॉम्प्युटरवर असतो, बापावर जीव आहे, पण जीव असलेल्या माणसांसारखंच त्याला सगळं बंद करायची घाई असते. “अण्णा, बास आता. मशीन काढायचं,” त्यानं जाहीर केलं. पुण्यात त्याच्या ओळखीच्या एका हॉटेलवाल्याला मशीनचा लोखंडी सांगाडा पाहिजे होता. वर काच टाकून टेबल करतात म्हणे, लोक त्यावर कॉफी पितात. सासऱ्यांना हे ऐकून पहिल्यांदा हसू आलं आणि मग आलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात अधिक महिना आला. आमच्याकडं तो धोंड्याचा महिना. लेक-जावयाला बोलवायचं, जावयाला नारायण मानून त्याची पूजा करायची, नवे कपडे करायचे, पुरणाचे धोंडे करून वर तुपाची धार धरायची. मेव्हणाही गाडी घेऊन आला होता. डिकी रिकामी ठेवली होती, ती कशासाठी हे कुणी विचारलं नाही.

आदल्या संध्याकाळी सासऱ्यांनीच विषय काढला.

“जावयाचा सदरा म्या शिवलाय. उद्या पूजेला घालतील. अंगाला बसला तर मशीन ऱ्हाईल. न्हाय बसला तर मी स्वतः हात लावतो आन् तुज्या गाडीत ठेवतो.”

“शब्द?” मेव्हणा म्हणाला.

“शब्द.”

मी तिथंच होतो. माझी कुणी परवानगी घेतली नाही. एवढ्या मोठ्या निकालात आपलं पोट हा एकमेव पुरावा असावा, ही वेळ वैऱ्यावरही येऊ नये. सकाळी स्वयंपाकघरात सासूबाई पुरण घोटत होत्या. मला पाहून हळूच म्हणाल्या, “रिटायर झाले त्या पयल्या उन्हाळ्यात ह्यांना बघितलं असतंव तर! दिसभर टीव्हीपुढं. आवाज बंद, चित्र चालू. मला वाटलं, माणूस आटत चाललंय. मशीनवरची बरणी म्याच मुद्दाम त्यांच्या नजरेसमोर हालवली व्हती.” मग डोळे पुसून, “पुरणाला हात लावू नका,” असंही म्हणाल्या.

सदरा घालायला मला कोठीत पाठवलं. मदतीला बायको. कापड यंदा झकास होतं, पांढऱ्यावर निळी रेघ. बाह्या जवळपास सारख्या होत्या. वरचं बटण लागलं. शेवटचं लागलं. मधली बटणं आणि त्यांची काजं मात्र नदीच्या दोन काठांवर उभी. मी श्वास ओढला, पोट पाठीला नेलं, भिंतीला टेकलो. बायकोनं दोन्ही हातांनी कापड ओढलं. चार बोटांचं अंतर काही मिटेना.

“दिवाळीला बघितलेलं माप असणार अण्णांचं,” ती म्हणाली.

“दिवाळीला मी एवढाच होतो.”

“मग त्यांना दिसला न्हाईत.”

हे बोलून गेल्यावर तिनं ओढलेलं कापड सोडून दिलं. बाहेर मेव्हण्याचा आवाज आला, “दाजी, या की बाहेर! मुहूर्त चाललाय!” बायकोनं इकडंतिकडं बघितलं. कोठीतच, फळीवर, नैवेद्याचे धोंडे झाकून ठेवले होते. तिनं झाकण काढलं.

“खा.”

“अगं, देवाचे आहेत ते!”

“आज देव तुम्हीच हाव. पूजा तुमचीच हाय की नाही? खा म्हणते ना!”

मला तिचा बेत कळला आणि पोटात गोळा आला. पण धोंड्याला जागा होती. मी एक खाल्ला. गरम होता, वेलदोड्याचा वास होता, पुरण अगदी मऊ. दुसरा खाल्ला. खरं सांगायचं तर बेताला तेवढे पुरले असते. पुढचे मी माझ्या जबाबदारीवर खाल्ले. शेवटी बायकोनंच रिकामं ताट ओढून घेतलं.

बाहेर आलो. पोटावर सदरा खिडकीसारखा उघडा. आतून बनियन जगाकडं बघत होतं. सासरे पाटाशेजारी उभे होते, एक डोळा बारीक करून. मेव्हण्यानं बघितलं आणि त्याचा चेहरा उजळला नाही, हे मी त्याच्या बाजूनं सांगितलं पाहिजे. हळूच म्हणाला, “अण्णा, न्हाय बसला.”

“बसला असता!” बायको म्हणाली. “रात्री घालून बघितला तेव्हा ठीक होता. ह्यांनी आत्ता धोंडे खाल्ले!”

सासूबाई कोठीत गेल्या. झाकणाचा आवाज आला. मग त्या दारात आल्या, रिकामं ताट हातात.

“नैवेद्याच्या आदी?”

मी मान खाली घातली. माझ्या हनुवटीला पुरण लागलेलं होतं, त्यामुळं ती खाली घालूनही उपयोग झाला नाही.

“देवाला दावायच्या आदी, जावईबापू? मागितले असते तर दिले नसते का?”

लग्नाला इतकी वर्षं झालेल्या, ऑफिसात ज्याला लोक साहेब म्हणतात अशा माणसाला हे ऐकून घ्यावं लागलं. मेव्हणा माझ्याकडं बघायचा, पोटाकडं बघायचा. त्याला हसावं का चिडावं कळेना. सासरे मात्र पुढं आले. “आडवं व्हा,” म्हणाले. नव्या सदऱ्यानिशी मला चटईवर आडवं केलं आणि गाभण म्हशीला तपासावं तसं पोट तपासलं. इथं दाबलं, तिथं बोटानं वाजवलं. मग कानाशी वाकून, मलाच ऐकू येईल असं म्हणाले,

“बैल फुगला तर डाव्या कुशीला फुगतो. तुमी सगळीकडनं फुगलाव. हे आजचं न्हाय.”

मी डोळे मिटले. संपलं सगळं. पण ते उठले आणि मोठ्यानं म्हणाले, “पोटफुगी हाय. अशा अंगावर सदरा जोखता येत न्हाय. दिस मावळला की बघू. तवर ह्यांना अन्न बंद.”

मेव्हण्यानं ते कबूल केलं. सासूबाईंनी राहिलेल्या पुरणाचे घाईनं नवे धोंडे केले, देवाला दाखवले, आणि सगळे जेवायला बसले. मी सोडून. मला सासऱ्यांनी ओवा, हिंग आणि काळ्या मिठाचं कढत पाणी दिलं. बाटलीतून. वासराला पाजतात तसं, मान मागं धरून. सदरा काढून खुंटीला टांगला होता. ज्याचा सण तो चटईवर, आणि त्याच्या नाकासमोर सगळं घर तुपात बोटं बुडवतंय. बायकोनं तर दोनदा वाढून घेतलं. वर मला आमच्या लग्नाच्या पत्रिकेनं वारा घातला. तेवढ्यासाठी उपाशी राहायला लागलं म्हणायचं.

जेवणं झाली. ऊन कडक, घर गपगार. मेव्हणा सोफ्यावर घोरत होता. माझाही डोळा लागला असेल. जाग आली ती आवाजानं नाही, आवाज नसल्यानं. मशीनपाशी कुणीतरी होतं आणि मशीन चालत नव्हतं.

एक डोळा किलकिला केला. सासरे. माझा सदरा उलटा करून मांडीवर, चष्मा कपाळावर, आणि कापड चांगल्या डोळ्याच्या इतकं जवळ की पापणी लागावी. हातात ब्लेडचं पान. ते टाका उसवत होते. स्वतःचा टाका. एक उसवायचा, बोटानं चाचपायचा, पुढच्यावर जायचं. ओठ हलत होते. दर थोड्या वेळानं मुलाकडं बघायचे, मग माझ्याकडं. माझ्याकडं बघितलं की मी घोरायचो. मला वाटतं मी जरा जास्तच घोरलो, कारण एकदा ते म्हणाले, “हळू. तो उठंल.”

मग मशीनवर पाय पडला. एवढा हळू, की घरघर खिडकीवरच्या ओल्या पोत्यातनं येणाऱ्या वाऱ्याएवढीच.

दिवस मावळला. मला परत उभं केलं, सदरा चढवला. बटणं एकामागून एक लागली. पोटावरचंही लागलं. नुसतं लागलं नाही, वर हातही फिरवता आला. माठासारखा बसला. मेव्हणा जवळ आला. त्यानं काखेखालची शिवण बघितली. तिथं कापडावर जुन्या टाक्यांची भोकं होती, ओळीनं. मग त्यानं बापाच्या बोटांकडं बघितलं. पांढऱ्या दोऱ्याचे बारीक तुकडे अजून चिकटलेले होते. मी श्वास रोखला. सकाळी रोखला त्यापेक्षा जास्त.

“बसला की,” तो म्हणाला. “मस्त बसला. ताई, त्या मशीनला तेल कुठं ठेवलंय? करकरतंय लई.”

आणि ज्या गाडीतून मशीन जाणार होतं तिच्या डिकीतून दुसऱ्या दिवशी कुरडया, कैऱ्या आणि पत्रिकांचे पंखे गेले. सासरे मला एसटी स्टँडवर सोडायला आले. म्हणाले, “जावईबापू, खोटं बोलाया बी पोट लागतं. तुमचं उपयोगी पडलं.” उपकार मानायची ही त्यांची तऱ्हा. सासूबाईंनी मात्र मला अजून माफ केलेलं नाही. आजही पुरण झालं आणि मी घरात असलो की त्या झाकणावर वरवंटा ठेवतात.

सासरे गेले त्याला दोन उन्हाळे झाले. शेवटपर्यंत शिवत होते. मशीन आता आमच्याकडं आहे. मेव्हण्यानंच आणून दिलं, मागच्या सीटवर गाद्या टाकून, आजारी माणसाला आणावं तसं.

यंदा धोंड्याचा महिना पुन्हा ऐन उन्हात आलाय. सासूबाईंकडं जायचं म्हणून मी तो निळ्या रेघेचा सदरा काढला. बटणं परत नदीच्या दोन काठांवर. बायकोनं दाराला कडी लावली, मला मशीनचं चाक फिरवायला बसवलं, आणि स्वतः ब्लेडचं पान घेऊन काखेखालची शिवण उसवायला लागली. अख्खी दुपार गेली. बैलाचे टाके ते.

शिवण उघडली तेव्हा आत दुमडलेलं कापड निघालं. बरंच निघालं. आणि त्या कापडावर जांभळ्या औषधाचे ठिपके, ओळीनं. एक ओळ, जिथवर त्यांनी त्या दुपारी सैल केलं होतं. तिच्या पुढं बोटभर अंतरानं दुसरी. तिच्या पुढं तिसरी.

“हे काय?” मी म्हणालो.

बायको ओळींकडं बघत होती, मग माझ्या पोटाकडं. डोळ्यांत पाणी होतं आणि हसूही आवरत नव्हतं.

“एकेका धोंड्याच्या महिन्याची एकेक ओळ. तुम्ही कुठवर जाणार ते अण्णांनी आधीच बघून ठेवलंवतं.”

डोळा अधू झालेल्या माणसाची नजर ही अशी. दुसऱ्या ओळीवर तिनं शिवण घातली. सदरा बसला, पोटावरून हात फिरला. सासूबाईंकडं पूजा झाली, पान वाढलं, त्यांनी वरवंटा बाजूला करून धोंडे वाढायला घेतले. दुसऱ्या धोंड्याला मी ताट पुढं केलं, तर शेजारून बायकोनं ते मागं ओढलं.

“बास. एकच ओळ राहिलीय,” ती म्हणाली. “आणि डॉक्टर आता नवीन लिहून देणार नाहीत.”

सासूबाईंनी तिच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, माझ्या सदऱ्याच्या शिवणीकडं बघितलं. मग धोंडा माझ्या ताटात ठेवला, वर तूप सोडलं, आणि म्हणाल्या,

“खा. देवाला दावून झालंय.”